लाख डॉलरचा जकातनाका आणि गरिबांची शाळा

अमेरिकेच्या अध्यक्षांनी १९ सप्टेंबर २०२५ रोजी एक फर्मान काढले आणि ‘एच-१बी’ या कामाच्या व्हिसावर परदेशातून नवा माणूस आणू पाहणाऱ्या प्रत्येक मालकावर एक लाख डॉलरचा आकार बसवला. त्या वेळच्या दराने ही रक्कम ८८ लाख रुपयांच्या घरात जाते. फर्मान निघाले त्या आठवड्यात पुण्यामुंबईत जी चिंता व्यक्त झाली ती संगणक अभियंत्यांची. ते स्वाभाविकही होते, कारण हे व्हिसा सुमारे सात दशांश भारतीयांच्याच वाट्याला येतात आणि हिंजवडीपासून न्यू जर्सीपर्यंतचे कितीतरी मराठी संसार त्यांवर उभे आहेत. परंतु या गदारोळात एक गोष्ट जवळजवळ कोणाच्याच ध्यानात आली नाही. ज्या मालकांवर हा आकार बसला त्यांत अमेरिकेतल्या सार्वजनिक शाळाही होत्या. गणिताचा, विज्ञानाचा, मतिमंद व अपंग मुलांच्या विशेष शिक्षणाचा शिक्षक ज्यांना स्वदेशात मिळत नाही म्हणून ज्या फिलिपाइन्ससारख्या देशाकडे वळल्या, त्या खेड्यापाड्यांतल्या आणि गरीब वस्त्यांतल्या शाळा. गूगल आणि ॲमेझॉन यांना जो दर, तोच अलास्कातल्या चार खोल्यांच्या शाळेला. भांडवलशाही राज्यव्यवस्थेला समतेचा उमाळा येतो तो नेमका अशाच प्रसंगी!

हा आकार शाळेला किती जड जातो हे समजण्यासाठी फार मोठे गणित मांडायला नको. अमेरिकेतल्या सार्वजनिक शाळाशिक्षकाचा सरासरी वार्षिक पगार २०२३-२४ साली ७२ हजार डॉलर होता आणि नव्याने रुजू होणाऱ्याचा साडेसेहेचाळीस हजार. म्हणजे एक नवा शिक्षक आणण्याच्या परवानगीसाठी शाळेने त्याच्या दोन वर्षांच्या पगाराहून अधिक रक्कम सरकारजमा करावी आणि त्यानंतर त्याचा पगार वेगळा द्यावा, असा हा हिशेब झाला. पूर्वी शुल्के आणि वकिलाचा खर्च धरून हे काम काही हजार डॉलरांत होत असे. इतकेच नव्हे, तर १९९८ साली अमेरिकी कामगारांच्या प्रशिक्षणासाठी म्हणून या व्हिसावर जे जादा शुल्क बसवले गेले, त्यातून प्राथमिक व माध्यमिक शाळांना कायद्यानेच वगळलेले आहे. नफ्यासाठी माणूस आणणारी कंपनी आणि मुलांना शिकवण्यासाठी माणूस आणणारी शाळा यांना एकाच मापाने मोजू नये, एवढा विवेक अमेरिकी काँग्रेसला, तीही काही समाजवाद्यांची सभा नव्हे, सुचला होता. अध्यक्षांच्या फर्मानाने तो एका रात्रीत पुसून टाकला.

फर्मानामागची भूमिका अशी सांगितली गेली की, माहिती-तंत्रज्ञानातल्या कंपन्या या व्हिसाचा गैरवापर करून स्वस्त परदेशी माणसे आणतात आणि अमेरिकी कामगाराला घरी पाठवतात. या आरोपात तथ्य नाही असे कोणीही प्रामाणिक कामगार-कार्यकर्ता म्हणणार नाही. बदली येणाऱ्या माणसालाच काम शिकवून मग नोकरी सोडण्याची पाळी अमेरिकी कर्मचाऱ्यांवर आल्याची उदाहरणे जगजाहीर आहेत. पण रोग तिथे आणि डाग इथे, असा हा उपचार आहे. २० ऑक्टोबर २०२५ रोजी सरकारी खात्याने या आकाराचा खुलासा केला. त्याप्रमाणे जो परदेशी माणूस आधीच अमेरिकेत आहे, उदाहरणार्थ तिथल्या विद्यापीठात शिकणारा विद्यार्थी, त्याचा दर्जा बदलून घेतला तर लाख डॉलर भरावे लागत नाहीत. मोठ्या कंपन्यांना या खिडकीतून सहज आत जाता येते. विद्यापीठांच्या आवारातच त्यांची भरती चालते. मनिला किंवा सेबू इथे दहा-पंधरा वर्षे वर्गात उभ्या राहिलेल्या शिक्षिकेला थेट बोलावणाऱ्या शाळेला ती खिडकी नाही. ज्यांच्यावर बोट ठेवून हा नियम केला त्यांना पळवाट आणि ज्यांचा त्यात उल्लेखही नाही त्यांच्यावर पूर्ण भार, अशी त्याची प्रत्यक्षातली रचना आहे.

याआधीही शाळांची अवस्था काही सुखाची नव्हती. या व्हिसाची वार्षिक मर्यादा ६५ हजारांची, त्यात अमेरिकी पदव्युत्तर पदवीधरांसाठी आणखी २० हजार. अर्ज त्याहून किती तरी अधिक, म्हणून सोडत. विद्यापीठे व त्यांच्याशी संलग्न संस्था या मर्यादेबाहेर आहेत. विद्यापीठाशी नाते नसलेली साधी सार्वजनिक शाळा मात्र तिच्या आतच. ऑगस्टमध्ये वर्ग भरायचे, आणि शिक्षक मिळणार की नाही हे लॉटरीवर! म्हणून पुष्कळ शाळामंडळे ‘जे-१’ या सांस्कृतिक देवाणघेवाणीच्या व्हिसाकडे वळली. त्यावर शिक्षक तीन वर्षे राहतो, फार तर आणखी दोन. नंतर सामान्यतः त्याने मायदेशी परतून दोन वर्षे काढायची. पुरस्कर्त्या संस्थेचे शुल्क, विमानभाडे वगैरे खर्चाचा मोठा भाग तो बहुधा स्वतःच सोसतो. मुलांची भाषा, त्यांच्या घरची परिस्थिती त्याला उमगू लागते न लागते तोच त्याची बॅग भरलेली असते. शिक्षणाची गरज आहे हे मान्य करायचे नाही म्हणून तिला संस्कृतीच्या देवाणघेवाणीचे नाव दिले, इतकेच.

अलास्काचे उदाहरण या सर्व प्रश्नाची आतली बाजू दाखवते. कुस्कोक्विम नदीच्या काठाकाठाने कुस्पुक नावाचे शाळामंडळ पसरलेले आहे. अनिअॅक, क्रुकेड क्रीक, स्लीटम्यूट अशी त्यातली गावे. गावागावांना जोडणारा रस्ता नाही. छोटे विमान, उन्हाळ्यात होडी आणि हिवाळ्यात बर्फावरची मोटार. वस्ती बहुतांशी युपिक आणि अथाबास्कन आदिवासींची. या मंडळाच्या शिक्षकवर्गाचा मोठा भाग फिलिपाइन्समधून आलेला आहे. उष्ण कटिबंधातला माणूस उणे तीस-चाळीस अंशांच्या मुलखात येऊन शिकवतो आणि अमेरिकेतला पदवीधर तिथे जात नाही, याचे कारण थंडी एवढेच आहे काय? थंडी तर पूर्वीही होती. २००६ च्या जुलैपासून नव्याने लागणाऱ्या शिक्षकांचे निश्चित निवृत्तिवेतन अलास्का राज्याने बंद केले. तिथल्या शिक्षकांना देशव्यापी सामाजिक सुरक्षा योजनेचेही छत्र नाही. म्हणजे तीस वर्षे बर्फात काढल्यावर म्हातारपणी हाती काय उरेल, हे शेअरबाजाराने ठरवायचे. त्यानंतर तरुण शिक्षक येईनासे झाले आणि आलेले टिकेनासे झाले, यात नवल कसले?

स्लीटम्यूटच्या शाळेचे छप्पर जवळजवळ दोन दशके गळत होते. दुरुस्तीची मागणी राज्याच्या दप्तरात वर्षानुवर्षे पडून राहिली. हे राज्य दरिद्री म्हणावे तर तसेही नाही. तेलाच्या उत्पन्नाच्या बळावर अलास्काने १९८० साली वैयक्तिक प्राप्तिकर रद्द केला, तो पुन्हा बसवला नाही. तेलनिधीतून दरवर्षी प्रत्येक रहिवाशाला लाभांश वाटला जातो. २०२५ साली तो एक हजार डॉलर होता. सार्वजनिक संपत्तीचा वाटा प्रत्येकाला मिळावा ही कल्पना समाजवाद्याला परकी वाटण्याचे कारण नाही. पण कर नको आणि लाभांश मात्र हवा, या दुहेरी मोहात सापडलेल्या राज्यात मधल्यामध्ये शाळा उपाशी राहते. २०२५ साली विधिमंडळाने दर विद्यार्थ्यामागच्या मूळ अनुदानात ७०० डॉलरची वाढ केली. राज्यपालांनी त्यातले २०० डॉलर कापले. २ ऑगस्टला विशेष अधिवेशनात आमदारांनी तो नकाराधिकार उलटवला, तेव्हा कुठे ती वाढ पूर्ण मिळाली. या २०० डॉलरसाठी जिथे विधिमंडळ आणि राज्यपाल यांचे द्वंद्व होते, तिथे सात आठवड्यांनी वॉशिंग्टनने सांगितले की, एका शिक्षकामागे एक लाख भरा. ५०० विद्यार्थ्यांची ती वादग्रस्त रक्कम एका शिक्षकाच्या व्हिसात संपते!

अलास्का टोकाचे उदाहरण आहे, पण अपवादात्मक नाही. सरकारच्याच पाहणीप्रमाणे २०२४-२५ च्या शालेय वर्षाआधी देशातल्या ७४ टक्के सार्वजनिक शाळांना शिक्षकांच्या एक वा अधिक जागा भरताना अडचण आली. सारख्याच शिक्षणाच्या इतर नोकरदारांशी तुलना केली तर शिक्षकाची आठवड्याची मिळकत २०२४ साली सुमारे २७ टक्क्यांनी कमी होती. १९९६ साली ही तफावत ६ टक्क्यांची होती. शिक्षक ‘मिळत नाही’ या वाक्यातली क्रियापदाची लबाडी इथे उघडी पडते. तो मिळेनासा केला गेला आहे. आणि तो सगळीकडे सारखाच दुर्मिळ नाही. अमेरिकेतल्या शाळांचा खर्च मुख्यतः राज्याच्या आणि स्थानिक करांतून भागतो, आणि स्थानिक कराचा कणा म्हणजे घरपट्टी. ज्या उपनगरात बंगले, तिथली शाळा श्रीमंत. जिथे भाड्याची घरे आणि बंद पडलेल्या गिरण्या, तिथली शाळा गरीब. टेक्सासमधल्या गरीब मेक्सिकी वंशाच्या पालकांनी या अन्यायाविरुद्ध दाद मागितली तेव्हा सर्वोच्च न्यायालयाने १९७३ साली पाच विरुद्ध चार मतांनी ती फेटाळली. शिक्षण हा संविधानाने दिलेला मूलभूत हक्क नाही, असे सांगितले. तो निकाल आजही उभा आहे. त्यामुळे लाख डॉलरचा नाका सर्व शाळांच्या वाटेवर आहे असे कागदावर दिसले, तरी श्रीमंत शाळेला त्या वाटेने जावेच लागत नाही. तिच्या दारात स्थानिक उमेदवारांची रांग असते. भुर्दंड पडतो तो काळ्या, आदिवासी, स्थलांतरित आणि गोऱ्या गरिबांच्या मुलांवर.

यावर एक प्रतिपक्ष असा मांडला जातो, आणि तो डाव्या वर्तुळातही ऐकू येतो, की परदेशी शिक्षकाची वाट बंद झाली म्हणजे शाळामंडळांना स्थानिक शिक्षकाला चांगला पगार देणे भाग पडेल. हा युक्तिवाद वरवर पटण्यासारखा आहे. कारखान्याच्या बाबतीत तो काही प्रमाणात खराही ठरेल. नफ्याचा एक हिस्सा मालकाला मजुरीकडे वळवावा लागेल. पण शाळेला नफा नसतो. तिची थैली मतदारांनी आणि विधिमंडळाने शिवून बंद केलेली असते. माणूस आणायची मनाई केल्याने त्या थैलीत एक पैचीही भर पडत नाही. आणि लाख डॉलर भरलेच, तर तेही शिक्षकाच्या पगारात न जाता केंद्राच्या खजिन्यात जातात. मग होते काय? वर्ग एकत्र केले जातात, विषयाचे शिक्षण नसलेला बदली शिक्षक वर्षभर बसवला जातो, किंवा दूरच्या शहरातला कोणी पडद्यावरून भौतिकशास्त्र शिकवतो. पगारवाढ हवी असेल तर पगारवाढच मागावी लागते. ती दुसऱ्याच्या व्हिसातून आपोआप ठिबकत नाही.

मात्र या फर्मानाला विरोध करताना जुन्या व्यवस्थेचे गोडवे गाण्याचेही कारण नाही. परदेशी शिक्षकांच्या भरतीचा इतिहास फसवणुकीने भरलेला आहे. एच-१बीच्या कायद्यात एक तत्त्व स्पष्ट आहे: व्हिसाचा खर्च मालकाचा, कामगाराचा नव्हे. वॉशिंग्टनला लागून असलेल्या, कृष्णवर्णीयांची बहुसंख्या असलेल्या प्रिन्स जॉर्जेस काउंटीच्या शाळामंडळाने हे तत्त्व पायदळी तुडवले. ‘एकही मूल मागे राहणार नाही’ अशा गोंडस नावाच्या कायद्याने २००२ पासून प्रत्येक वर्गात ‘उच्च अर्हतेचा’ शिक्षक सक्तीचा केला, त्यासाठी लागणारा पैसा मात्र पुरेसा दिला नाही. तेव्हा या मंडळाने फिलिपाइन्समधून शेकडो शिक्षक आणले आणि शुल्काचा बोजा त्यांच्यावरच टाकला. कामगार खात्याने चौकशी केली आणि २०११ साली १,०४४ शिक्षकांना मिळून सुमारे ४२ लाख डॉलर परत करण्याचे ठरले. इथपर्यंत न्याय झाला. पण त्याच आदेशाने मंडळाला दोन वर्षे परदेशी कामगार नेमण्यास बंदी झाली, त्यामुळे मुदत संपत आलेल्या शिक्षकांचे व्हिसा नव्याने होईनात. ज्यांची लूट झाली त्यांनाच लुटीच्या शिक्षेपायी नोकरी आणि देश सोडण्याची पाळी आली. गुन्हा मालकाचा, तुरुंगवास मजुराला.

लुइझियानातला प्रकार याहून भयंकर. कट्रीना वादळानंतर न्यू ऑर्लिन्समध्ये सुमारे साडेसात हजार शालेय कर्मचाऱ्यांना घरी बसवण्यात आले. त्यांच्या संघटनेचे कंबरडे मोडले. आणि त्याच राज्यात २००७ पासून एका भरती कंपनीमार्फत साडेतीनशेच्या आसपास फिलिपिनो शिक्षक आणले गेले. प्रत्येकाकडून सुमारे १६ हजार डॉलर उकळले, त्यासाठी त्यांना भरमसाट व्याजाची कर्जे काढायला लावली, पैसे पुरे होईपर्यंत कागदपत्रे अडवून ठेवली. तक्रार केली तर परत पाठवण्याची धमकी. अमेरिकन फेडरेशन ऑफ टीचर्स ही शिक्षकांची संघटना या परदेशी सभासदांच्या बाजूने उभी राहिली, खटला झाला आणि २०१२ साली ज्यूरीने ४५ लाख डॉलरची भरपाई दिली. हा निकाल महत्त्वाचा आहे. त्याहून महत्त्वाचे हे की, संघटनेने परक्याला स्पर्धक न मानता सभासद मानले.

म्हणून मूळ दुखणे शुल्काच्या आकड्यात संपत नाही. या व्हिसावरचा कामगार मालकाशी बांधलेला असतो. नोकरी गेली की साधारण साठ दिवसांत दुसरा मालक शोधायचा, नाहीतर देश सोडायचा. असा माणूस वर्गात पन्नास मुले कोंबली तरी बोलत नाही, संपाच्या मतदानाला जाताना दहादा विचार करतो. लाख डॉलरच्या आकाराने ही वेठ सैल होत नाही, उलट घट्ट होते. जी शाळा कशीबशी एवढी रक्कम उभी करील ती त्या शिक्षकाला सहजासहजी हलू देईल काय? शिवाय आकार जितका मोठा, तितका तो कोणत्या ना कोणत्या आडवाटेने कामगाराच्या गळ्यात टाकण्याचा मोह मोठा.

फिलिपाइन्सच्या बाजूने पाहिले तर या व्यवहाराला एक विलक्षण ऐतिहासिक उपरोध आहे. १८९८ च्या पॅरिस तहाने अमेरिकेने हा द्वीपसमूह स्पेनकडून दोन कोटी डॉलरना घेतला. १९०१ च्या ऑगस्टमध्ये ‘थॉमस’ हे लष्करी जहाज सुमारे पाचशे अमेरिकी शिक्षक घेऊन मनिलाच्या बंदरात आले आणि तोफांनी जिंकलेल्या प्रजेला इंग्रजी शाळा मिळाल्या. त्या शाळांच्या परंपरेत तयार झालेले शिक्षक आता अमेरिकेच्या मुलांना शिकवायला उलट दिशेने जातात. डॉलरचे मोल तेव्हा निराळे होते हे मान्य करूनही आकडे शेजारी ठेवण्याचा मोह आवरत नाही: तेव्हा जेवढ्या रकमेत अख्खा देश विकत घेतला, तेवढ्यात आता दोनशे शिक्षकांचे व्हिसा होतात.

मनिलाच्या राज्यकर्त्यांनीही १९७४ पासून, म्हणजे मार्कोसच्या लष्करी कायद्याच्या काळापासून, माणसे निर्यात करणे हेच आर्थिक धोरण केले. तिथल्या सरकारी शाळेत नव्या शिक्षकाला २०२५ साली महिन्याला सुमारे ३० हजार पेसो, म्हणजे पाचशेहून थोडे अधिक डॉलर मिळत. अलास्कात तो त्याच्या कैक पटींनी कमावतो. त्याला दोष कोण देणार? पण अनुभवी शिक्षक गेल्यावर मागे राहिलेल्या वर्गाचे काय, हा प्रश्न ना पाठवणारे सरकार विचारते ना बोलावणारे. २०२२ च्या आंतरराष्ट्रीय चाचणीत फिलिपाइन्सची पंधरा वर्षांची मुले वाचन, गणित आणि विज्ञान या तिन्हींत तळाच्या देशांत होती. अमेरिकेने न सोसलेला शिक्षक घडवण्याचा खर्च हा गरीब देश सोसतो. न्यायाने पाहिले तर भरपाईचा ओघ मनिलाकडे वाहायला हवा. तो वॉशिंग्टनच्या तिजोरीत जातो.

ब्रिटनमध्ये तर एकाच सरकारचे दोन हात एकमेकांना ओळखेनासे झाले. २०२३-२४ साली शिक्षण खात्याने परदेशातून येणाऱ्या भौतिकशास्त्राच्या आणि भाषांच्या शिक्षकांना स्थलांतरासाठी दहा हजार पौंड देऊ केले. ६ फेब्रुवारी २०२४ पासून गृहखात्याने व्हिसाधारकावरचा आरोग्य अधिभार वर्षाला ६२४ पौंडांवरून १,०३५ वर नेला. पाच वर्षांच्या मुक्कामाचा हिशेब केला तर एका हाताने दिलेल्यातले निम्म्याहून अधिक दुसऱ्याने काढून घेतले.

महाराष्ट्रातल्या वाचकाला हे सारे दूरचे वाटण्याचे कारण नाही. नियमित वेतनश्रेणीचा शिक्षक महाग पडतो म्हणून ‘शिक्षणसेवक’ हे पद इथेही २००० साली निर्माण झाले आणि पदवीधर, प्रशिक्षित तरुणाने तीन वर्षे काही हजारांच्या ठोक मानधनावर काढावीत असा दंडक पडला. २०२३ मध्ये मानधन वाढून प्राथमिकला ते १६ हजार झाले, पद मात्र तसेच राहिले. तिथे व्हिसाची मुदत, इथे सेवक या नावाची. शिक्षकाचे काम कायमचे आणि शिक्षक तात्पुरता, ही युक्ती दोन्हीकडे एकच आहे.

फर्मान निघाल्यावर अमेरिकेत ते न्यायालयात नेले गेले. उद्योगपतींच्या चेंबर ऑफ कॉमर्सचा दावा वॉशिंग्टनच्या जिल्हा न्यायालयाने २३ डिसेंबर २०२५ रोजी फेटाळला. त्याच महिन्यात कॅलिफोर्निया, मॅसॅच्युसेट्स आदी वीस राज्यांनी वेगळा दावा लावला आणि त्यात शाळा व रुग्णालयांच्या हानीचा मुद्दा पुढे ठेवला. फर्मानात ‘राष्ट्रहिता’साठी सूट देण्याचा अधिकार गृहसुरक्षा खात्याच्या मंत्र्याला आहे, व्यक्तीला, कंपनीला, फार काय, अख्ख्या उद्योगालाही सूट देता येते. गरीब वस्तीतली शाळा चालू राहणे हे राष्ट्रहित आहे की नाही, हे अशा रीतीने एका मंत्र्याच्या मर्जीवर सोपवले गेले. शिक्षक संघटनांनी मागायला हवे ते मर्जीवरच्या सवलतीहून वेगळे आहे: सार्वजनिक शाळांना कायद्याने सूट, मालक बदलण्याची मोकळीक, भरतीचा सारा खर्च मालकावर आणि तो दलालाने घेतला तर दलालाला शिक्षा, परदेशी शिक्षकाला पहिल्या दिवसापासून संघटनेचे सभासदत्व आणि समान श्रेणी, आणि अलास्कासारख्या राज्यांत २००६ साली काढून घेतलेले निवृत्तिवेतन परत.